दहा नंबरच्या घराच्या विटा

चैत्र सरत आला की तिवस्याच्या शिवारातली काळी जमीन तडकू लागते. वैशाखात भेगा इतक्या रुंदावतात की बैलाचा खूर अडकावा, काठी आत सोडली तर हातभर खाली जावी. मग मृगाचं पाणी पडतं, माती फुगते आणि भेगा मिटतात. या उघडझापीवर कापूस पोसतो, घराचा पाया मात्र पोसत नाही. म्हणून वऱ्हाडात शेत काळीत आणि वस्ती पांढरीत, ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आता वस्त्या वाढून काळीत उतरल्या आहेत, आणि नव्या घरांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तिरप्या भेगा आपल्याकडच्या प्रत्येक मिस्त्रीच्या ओळखीच्या झाल्या आहेत.

लंडन शहराचा मोठा भाग अशाच स्वभावाच्या मातीवर उभा आहे. तिचा रंग निळसर करडा, वरच्या थरात तपकिरी. उगमही वेगळा. आपली काळी माती बेसाल्टच्या झिजेतून झाली, तिकडची सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचली. वागणं मात्र दोघींचं एकच: पाणी मिळालं की फुगायचं, उन्हाने सुकलं की आक्रसायचं. भूगर्भशास्त्रज्ञ तिला ‘लंडन क्ले’ म्हणतात. या मातीवर, वायव्य लंडनमध्ये प्रिमरोझ हिल नावाच्या टेकडीजवळ, किंग हेन्रीज रोड हा रस्ता आहे. त्या रस्त्यावरचं १० क्रमांकाचं घर महाराष्ट्र शासनाच्या मालकीचं आहे. १९२१-२२ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते.

या घराला भेट देणारी बहुतेक माणसं आतली छायाचित्रं, पुस्तकं पाहतात, नतमस्तक होतात आणि परततात. ते योग्यच आहे. पण भिंतीकडे कुणी फारसं पाहत नाही, आणि मला या भिंतीबद्दलच बोलायचं आहे. हे घर राजवाडा नव्हतं, नावाजलेल्या वास्तुविशारदाची कलाकृतीही नव्हतं. एका रांगेतलं, ठेकेदाराने विकण्यासाठी बांधलेलं, मध्यमवर्गाचं विटांचं घर. ते तसं का झालं हे कागदपत्रं न उघडता त्याच्या विटांतून आणि पायऱ्यांतून वाचता येतं. बाबासाहेब ज्या शहराशी झगडत शिकत होते ते शहर कसं चालत होतं, हेही त्यातच आहे.

सुरुवात जमिनीच्या मालकीपासून करावी लागते. रस्त्याला नाव आहे सहाव्या हेन्री राजाचं. त्याने १४४० साली ईटन कॉलेज स्थापलं. या भागातली ‘चाल्कट्स’ नावाची शेतजमीन पुढे शतकानुशतकं त्या कॉलेजच्या मालकीची राहिली. एकोणिसाव्या शतकात शहर उत्तरेकडे सरकलं तेव्हा कॉलेजने जमीन विकली नाही, लांब मुदतीच्या पट्ट्याने बांधकाम करणाऱ्यांना दिली. घर बांधणाऱ्याचं, जमीन कॉलेजची, मुदत संपली की दोन्ही कॉलेजचं. वऱ्हाडातल्या माणसाला पट्टा समजावून सांगायची गरज नाही. १९०२ साली निजामाने अख्खं वऱ्हाड दरसाल २५ लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना दिलं होतं. लंडनच्या घरांचा चेहरा या पट्ट्यांनी घडवला. रस्ता, गटार, फुटपाथ यांचा खर्च रस्त्याकडच्या रुंदीवर पडायचा, म्हणून ठेकेदार दर्शनी बाजू १८ ते २५ फुटांत आवरायचा आणि जागा खोलीत नि उंचीत काढायचा. घर अरुंद, उंच आणि शेजाऱ्याला चिकटलेलं झालं ते या हिशोबातून.

चिकटलेलं घर म्हणजे आगीची भीती. २ सप्टेंबर १६६६ रोजी लंडनमध्ये लागलेल्या आगीत सुमारे १३,२०० घरं जळाली. त्यातली बहुतेक लाकडाची होती, वरचे मजले रस्त्यावर झुकलेले, समोरासमोरच्या खिडक्या जवळजवळ भिडलेल्या. पुढच्या वर्षीच्या कायद्याने शहराच्या हद्दीत बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच असाव्यात असं ठरवलं. घरांचे चार प्रकार पाडले आणि प्रत्येकाचे मजले नि भिंतींची जाडी बांधून दिली. १७०९ साली आणखी एक नियम आला: खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी पृष्ठापासून चार इंच आत बसवायची, म्हणजे ज्वाळा लाकडाला सहज पकडणार नाहीत. १७७४ च्या कायद्याने चौकटीची पेटीसुद्धा विटांच्या मागे लपवली. किंग हेन्रीज रोडवरची घरं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, म्हणजे १८५५ च्या महानगर इमारत कायद्याच्या अंमलातली. तोवर खिडकी आत घेणं ही सवयच झाली होती. जुन्या लंडनच्या विटांच्या दर्शनी भागावर सकाळच्या तिरप्या उन्हात जी सावलीची चौकट दिसते, ती सौंदर्याच्या कल्पनेतून आलेली वाटते. तिच्या मुळाशी आग आहे.

दोन घरांमधली भिंत छपराच्या वर काढायची, ही अटही त्याच भीतीची. आपल्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना ‘सामाईक भिंत’ असा उल्लेख येतो आणि पुढे त्याच भिंतीवरून भावाभावांचे दावे चालतात. लंडनमध्ये तिची जाडी, उंची, तिच्यात तुळई किती खोल घुसवायची हे सगळं कायद्यात होतं. छपराच्या वर डोकावणाऱ्या या भिंतींवर धुराड्यांचे जुडगे उभे असतात. लांबून पाहिलं तर एका रांगेत किती घरं आहेत हे त्या जुडग्यांवरून मोजता येतं.

आता वीट. लंडनच्या या घरांची ओळख म्हणजे ‘लंडन स्टॉक’ नावाची पिवळसर वीट. वरच्या थरातली भुसभुशीत विटेची माती घ्यायची, तिच्यात खडू कालवायचा आणि चाळलेली राख मिसळायची. खडूच्या चुन्यामुळे भाजल्यावर लाल रंगाऐवजी पिवळा येतो. राख मात्र रंगासाठी नव्हती. लंडनच्या लाखो चुलींतून निघालेल्या राखेत अर्धवट जळालेल्या कोळशाचे कण असत. कच्च्या विटा रचून आवा पेटवला की हे कण विटेच्या पोटात जळत आणि वीट आतूनही भाजून निघे, बाहेरचं इंधन कमी लागे. टेम्स नदीतून सपाट बुडाच्या नावा केंट आणि एसेक्सकडून विटा घेऊन शहरात येत आणि परतताना शहराच्या कचऱ्याची राख भरून नेत. विदर्भात औष्णिक वीज केंद्रांची राखड विटांत घालण्याचं तंत्र आपण अलीकडचं समजतो. लंडनकरांच्या चुलीची राख दीड-दोनशे वर्षांपूर्वी त्यांच्याच घरांच्या भिंतींत बसली होती. जवळून पाहिलं तर अशा विटेवर काळे ठिपके, बारीक भोकं दिसतात. तिथे कोळशाचा कण जळून गेलेला असतो.

ही वीट ९ इंच लांब आणि साडेचार इंच रुंद. भिंत एका विटेच्या लांबीएवढी जाड ठेवली की नऊ इंची, दीड विटेची केली की साडेतेरा इंची. आपल्याकडे घराचा नकाशा काढताना ठेकेदार ‘बाहेरून नऊ इंची, आतून साडेचार’ म्हणतो ते माप याच परंपरेतलं. इंग्रजी अमलात सार्वजनिक बांधकाम खात्याने नऊ इंची वीट इथे रुळवली, आणि मेट्रिक विटा येऊनही गवंड्यांच्या तोंडून ते माप गेलेलं नाही. त्याआधीच्या आपल्या विटा पातळ आणि चपट्या होत्या. वऱ्हाडातल्या जुन्या वाड्याचा गिलावा जिथे पडला असेल तिथे त्या पाहता येतात. विटकाम किती उंचीला जाऊ शकतं हे बघायचं तर अकोला जिल्ह्यातला बाळापूरचा किल्ला आहे. त्याच्या तटाच्या आणि बुरुजांच्या विटा आजही बघणाऱ्याचे पाय थांबवतात.

लंडनच्या विटेच्या आकारामागे एक करही आहे. अमेरिकेतल्या युद्धाचा खर्च भरून काढायला १७८४ साली ब्रिटिश सरकारने विटांवर कर बसवला, सुरुवातीला हजारी अडीच शिलिंग. कर नगावर होता, म्हणून भट्टीवाल्यांनी वीट मोठी केली. मग सरकारने मोठ्या विटेवर जास्त कर लावला. खिडक्यांवरचा कर त्याहून जुना, १६९६ चा. काच महाग ठेवणारं शुल्क १८४५ मध्ये गेलं, विटांचा कर १८५० मध्ये, खिडक्यांचा १८५१ मध्ये. किंग हेन्रीज रोडवर कुदळ पडली ती या सगळ्यानंतर. तिथल्या मोठ्या काचांच्या, उंच खिडक्या आणि भरपूर विटकाम यांचा अर्थ असा की लंडनच्या मध्यमवर्गाला आता उजेड परवडू लागला होता.

विटा कशा रचल्यात हेही पाहावं. जुन्या लंडनच्या दर्शनी भिंतीत बहुधा एकाच थरात एक वीट लांब बाजूने आणि पुढची आखूड बाजूने, अशी रचना दिसते. तिला फ्लेमिश बाँड म्हणतात. आखूड बाजूने दिसणारी वीट भिंतीत आत शिरून पुढचा नि मागचा पदर बांधून ठेवते, निदान ठेवायला हवी. पण विकण्यासाठी बांधणाऱ्या काही ठेकेदारांनी इथेच हात मारला. बाहेरच्या पदराला चांगल्या, महाग विटा, आतल्या पदराला स्वस्त, आणि चांगली वीट वाचावी म्हणून आखूड विटा अर्ध्या तोडून लावलेल्या. बाहेरून रचना बिनचूक दिसते, आतून मात्र दोन पदर एकमेकांना धरून नसतात. शंभर-दीडशे वर्षांनी असा दर्शनी पदर पोटासारखा पुढे येतो. लंडनमध्ये जुनं घर घेण्याआधी तपासणारा माणूस भिंतीला डोळा लावून उभा राहतो तो हे फुगणं शोधायला.

आत शिरताना आणखी एक गंमत ध्यानात येते. रस्त्यावरून चार-सहा पायऱ्या चढून दार लागतं, आणि पायऱ्यांच्या बाजूला खाली खोल चौक, त्यात तळघराची खिडकी. हा मजला जमिनीत पुरलेला वाटतो. खरं तर अशा बऱ्याच रांगांमध्ये तळघरासाठी खणलेली माती समोर टाकून रस्ताच उंच केलेला असतो. घराच्या मागच्या अंगाला गेलं की तो मजला जवळजवळ मूळ जमिनीच्या पातळीवर निघतो. खणलेली माती वाहून नेण्याचा खर्च वाचला, रस्ता चिखलातून वर आला आणि गटाराला उतार मिळाला. अनेक घरांत फुटपाथखाली कोळशाची कोठी असायची. फुटपाथवरच्या लोखंडी झाकणातून कोळसेवाला पोतं रिकामं करायचा, त्याला घरात पाऊल टाकावं लागत नसे.

घराची सगळी समाजव्यवस्था या उभ्या रचनेत होती. तळघरात स्वयंपाक आणि नोकर, दर्शनी मजल्यावर जेवणाची खोली, वर बैठक, त्यावर निजण्याच्या खोल्या, छपराखाली पुन्हा नोकर. बैठकीपासून जितकं वर जावं तितकी छताची उंची आणि खिडकीची लांबी कमी होत जाते. रस्त्यावर उभं राहून खिडक्या खालून वर मोजत गेलं तर कुठे मालक आणि कुठे मोलकरीण हे सांगता येतं.

आपला वाडा याच्या उलट पसरतो. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, माजघर असं आत आत जायचं. रस्त्याकडे जवळजवळ कोरी भिंत आणि सगळा उजेड चौकातून. उतरंड त्यातही आहे, पण ती आडवी. देवडीपर्यंत कोण, ओसरीवर कोण, माजघरात कोण, आणि वाड्याच्या दारापाशीच कुणाला थांबवायचं, हे पावला-पावलावर ठरलेलं. हवामानाचंही कारण आहे. अमरावतीचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. तिथे जाड मातीची भिंत आणि सावलीचा चौक माणसाला वाचवतो. लंडनला ऊन हवं असतं नि उष्णता धरून ठेवायची असते. शेजाऱ्याच्या चुलीने तापलेली सामाईक भिंत ही तिथे दोन्ही घरांची कमाई.

बाबासाहेब १९२० च्या जुलैमध्ये मुंबईहून निघाले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधलं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, आणि ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधावर डी.एस्सी. प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाला. पहिल्या महायुद्धानंतर लंडनच्या या घरांची स्थिती बदलली होती. एका कुटुंबासाठी आणि त्याच्या नोकरांसाठी बांधलेली ही उंच घरं चालवायला आता पुरेसे नोकर मिळत नव्हते. मोलकरणी युद्धात कारखान्यांकडे वळल्या त्या सगळ्या परत आल्या नाहीत. मग कित्येक घरमालकिणींनी खोल्या विद्यार्थ्यांना नि नोकरदारांना भाड्याने दिल्या. बाबासाहेबांसारख्या परदेशी विद्यार्थ्याला मध्यमवर्गाच्या वस्तीत खोली मिळू शकली ती घरांच्या या उतरत्या काळामुळे.

अशा खोलीत ऊब हवी तर शेगडीत कोळसा लागे, किंवा नाणं टाकून चालणारी गॅसची शेगडी. पैसे संपले की ज्योत विझे. चरित्रकार धनंजय कीर यांनी लंडनमधल्या बाबासाहेबांच्या अपुऱ्या नाश्त्याचं, उपासाचं, रात्री उशिरापर्यंतच्या वाचनाचं वर्णन केलं आहे. सकाळी ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय उघडायच्या वेळी ते दारात असत आणि बंद होईपर्यंत उठत नसत. खोलीत बसून वाचणं म्हणजे पैसे जाळणं होतं, आणि वाचनालय फुकट गरम होतं. एका गरीब विद्यार्थ्याच्या दिनक्रमात विटांच्या घराची ही बाजूही धरली पाहिजे, असं मला वाटतं. तेव्हा भिंती पिवळ्या नव्हत्याच. लाखो धुराड्यांच्या काजळीने सगळं लंडन काळं झालेलं होतं. स्वच्छ हवेचा कायदा १९५६ मध्ये आला, आणि त्यानंतर धुऊन काढलेल्या विटांचा मूळ रंग लोकांनी नव्याने पाहिला.

लंडनहून परतल्यावर चार वर्षांनी, १३ नोव्हेंबर १९२७ रोजी, बाबासाहेब अमरावतीत होते. अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी भरलेल्या वऱ्हाडच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. पुढे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं आणि वरच्या मजल्यावर ग्रंथालय नि कचेरी ठेवली. लंडनच्या घरांत छपराखाली नोकर असत, इथे सगळ्यात वर पुस्तकं गेली.

आता पुन्हा मातीकडे. किंग हेन्रीज रोडपासून जवळच प्रिमरोझ हिलच्या पोटातून रेल्वेचा बोगदा जातो. लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेसाठी रॉबर्ट स्टीफन्सन याने १८३० च्या दशकात तो बांधवून घेतला, लांबी सुमारे एक किलोमीटर. काम चालू असताना मजूर थक्क झाले. खणलेल्या बोगद्यात विटांची कमान बांधली की थोड्या दिवसांत तिच्या आतल्या कडा ठिकऱ्या होऊन गळायच्या. कारण त्या मातीत होतं. हवा नि ओल लागताच ती फुगत होती आणि कमानीला चहूबाजूंनी दाबत होती. दोन विटांमधल्या दर्जेतला, म्हणजे सांध्यातला, चुना पक्का होण्याआधीच दबून बाहेर यायचा, मग वीट विटेवर घासायची. स्टीफन्सनने लवकर घट्ट होणारं ‘रोमन सिमेंट’ वापरलं आणि कमानीची जाडी २७ इंचांपर्यंत नेली. तेव्हा कुठे बोगदा उभा राहिला.

घरांच्या बाबतीत हीच माती हळू चालते. १९७६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मोठा दुष्काळ पडला, लंडनची माती खोलवर सुकली आणि घरांचे कोपरे खाली बसले. रस्त्यांकडेची मोठी झाडं उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी ओढतात, तेव्हा पाया एका बाजूने आक्रसतो. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरपी भेग आपल्याकडच्यासारखीच असते, वर रुंद, खाली निमुळती. तरीही ही जुनी घरं दीडशे वर्षं टिकली, आणि त्याचं मोठं श्रेय चुन्याला आहे. चुन्याची दर्ज मऊ राहते. जमीन थोडी हलली तर तडा दर्जांमध्ये वाटला जातो, वीट फुटत नाही. ओल दर्जांतून बाहेर निघून जाते. वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यांतही हेच चाललं होतं. शेतात सापडणाऱ्या चुनखडीचे खडे भाजायचे, चुन्याच्या घाण्यात मळायचे, कित्येक दिवस भिजत ठेवायचे आणि मग लावायचे.

१९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, घराच्या भिंतीवर निळी पाटी बसली. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ३० लाख पौंडांहून अधिक किमतीला हे घर विकत घेतलं आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पण लंडनमध्ये निवासी घराचं संग्रहालय करायला स्थानिक परवानगी लागते, आणि कॅमडन कौन्सिलने ती नाकारली. शेजाऱ्यांचा आक्षेप येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गोंगाटावर होता. तो निराधार म्हणून सोडून देता येत नाही. विटांच्या एका सामाईक भिंतीपलीकडे माणसं झोपत असतात, आणि जिन्यावरचा पाऊलरव पलीकडे जातो. २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या गृहनिर्माण मंत्र्यांनी संग्रहालयाला परवानगी दिली.

मालकी आपल्या शासनाकडे आल्याने त्या भिंतीची देखभालही आपल्याकडे आली. तिथे सगळ्यात सांभाळायची गोष्ट दर्जांची. जुन्या विटकामातला झिजलेला चुना खरवडून त्यात सिमेंट भरलं की काम झटपट होतं आणि भिंत नवी दिसते. पण सिमेंट विटेपेक्षा कडक. ओल दर्जेतून निघायची बंद होते, विटेतून वाट काढते, आणि हिवाळ्यात गोठली की विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. वऱ्हाडात हिम पडत नाही, पण पावसाळ्यात मुरलेली ओल उन्हाळ्यात क्षार घेऊन बाहेर येते. सिमेंटचा गिलावा केलेल्या जुन्या वाड्याच्या भिंती आतून भुगा होताना गावोगाव दिसतात, आणि पावसाळ्यात एक दिवस आख्खा गिलावा पदरासकट उतरतो. दोन्हीकडे इलाज सारखाच आहे. जुनी दर्ज दोन-अडीच सेंटिमीटर खोल हाताने काढायची, यंत्राने कापायची नाही. भिंत पाण्याने भिजवायची. मग चुना आणि चाळलेली रेती यांचं मिश्रण थोडं थोडं दाबून भरायचं आणि ते सावकाश सुकावं म्हणून काही दिवस ओलं गोणपाट टाकून झाकून ठेवायचं.